गुरुवारी सोडणार

डॉक्टर म्हणाले, गुरुवारी सोडू.
तेव्हापासून आम्ही आमचंच घर
नव्या भाडेकरूसारखं तपासतोय,
नळ फिरवून, कड्या ओढून.

मैथिलीनं स्वतःचा उजवा हात
ओढणीनं पाठीशी बांधून घेतलाय
आणि सकाळपासून तशीच फिरते आहे.
वहीत डाव्या हाताची वाकडी अक्षरं:
टूथपेस्टचं झाकण. लबनची बाटली.
कांदा. सलवारची नाडी.
बाथरूमची गोल मूठ, ओल्या हाताला फिरत नाही.
खाली एक ओळ गिरगटून खोडलेली.
मी विचारलं नाही.

गुलजार सुतार रात्रीच्या नमाजानंतर आला,
चारही दारांच्या गोल मुठी काढून
कोपरानं दाबता येतील असे दांडे बसवून गेला.
पैसे घेईना. चहा चालेल म्हणाला.
चहा मी केला, साखर विसरलो,
त्यानं कप रिकामा करूनच खाली ठेवला.

मी वेणी शिकतोय, बेचाळिसाव्या वर्षी.
तिसऱ्या मजल्यावरची शीबा शिकवते,
मैथिलीच्या डोक्यावर सराव.
मालवणला जाळ्याच्या हजार गाठी मारल्यात मी,
पण केस गाठीत राहत नाहीत, निसटतात.
सोहम म्हणतो, बाबा, ही तर होडीची दोरी झाली.

इस्पितळानं एक प्लास्टिकची पिशवी दिली होती.
आत कापलेली पाटली.
रुवीच्या बाजारातला सोनार म्हणाला,
जोडून देतो, सांधा दिसायचा नाही.
मी म्हटलं, थांबा.
कुठल्या हातात घालणार, ते तिला विचारून येतो.
त्यानं भिंगातून वर पाहिलं
आणि दर सांगायचाच राहून गेला.

लाँड्रीच्या कंपनीचा माणूस कागद घेऊन आला होता,
हॉटेलच्या चादरीसारखाच कडक इस्त्रीचा.
सही जमत नसेल तर डावा अंगठाही चालेल, म्हणाला.
ती म्हणाली, मी बी.कॉम. आहे.
मग कागद वाचला, दोनदा,
तिसरं कलम खोडायला लावलं
आणि सही केली.
चार मिनिटं लागली.
वैजयंती दत्ताराम कुबल.
मधलं नावही सोडलं नाही तिनं.
मी खिडकीतून रुवीचे तपकिरी डोंगर बघत राहिलो,
त्यांच्यावर बघण्यासारखं काही नसताना.

आम्ही मात्र स्वयंपाकघर सगळं बदललं होतं.
बरण्या खालच्या फळीवर, डावीकडे.
विळी वर्तमानपत्रात गुंडाळून
पलंगाखाली, सुटकेसच्याही मागे.

मंगळवारी रात्री व्हिडिओवर
तिला माझ्या खांद्यामागची रिकामी फळी दिसली.
मीठ कुठाय?
मी सांगितलं.
आणि विळी?
मी गप्प. सोहमनं सांगून टाकलं.
पलंगाखाली? तिथं काय झुरळं नारळ खवणार आहेत?
नर्सच्या हातातला फोन हलला,
बहुतेक तीही हसली, मराठी न कळता.
मग ती म्हणाली,
होतं तिथं ठेवा सगळं.
मला शिकायला आधीच पुष्कळ आहे.
त्यात माझंच घर नको.

रात्री एकपर्यंत आम्ही घर परत लावलं.
मिठाच्या बरणीची गोल खूण
फळीवर होतीच, बरणी तिच्यात नीट बसली.
दारांचे दांडे तेवढे राहू दिले.

आज बुधवार.
उन्हाळ्यात टाकीचं पाणी उकळतं,
म्हणून गीझर बंद ठेवून त्यातच पाणी निववलंय,
उद्या तिच्या अंघोळीला.
नज्रुलनं लिफ्टचा आरसा पुसला,
कुणी सांगितलं नव्हतं.

मुलं झोपली. मी चादर घातली
आणि अडलो.
ती माझ्या डाव्या बाजूला झोपायची,
तिचा उजवा हात माझ्याकडे.
झोपेत तो माझ्या छातीवर पडायचा,
मी जड म्हणून बाजूला करायचो.
हे मैथिलीच्या यादीत नाही.
उश्या बदलल्या. परत होत्या तशा केल्या.
पुन्हा बदलल्या.
शेवटी दोन्ही एकावर एक,
पलंगाच्या मधोमध ठेवून
बाहेर सोफ्यावर येऊन बसलोय.